कुत्र्याने पाठ फाडलेली कोंबडी घरी कशी सांभाळायची? जखम धुणं, काय लावायचं, काय नाही

खाडीपलीकडची:
नमस्कार मंडळी. गोराईला राहते, घरामागच्या वाडीत गावठी कोंबड्या आहेत. आज दुपारी कुंपणाच्या कोपऱ्यातून दोन भटकी कुत्री आत शिरली, कलकलाट ऐकून आम्ही धावलो तोवर एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी) मेली होती आणि मोठ्या तांबड्या कोंबडीला एकाने पाठीवर धरलेलं, सासऱ्यांनी काठी घालून सोडवली. शेपटीच्या वर तळहाताएवढी कातडी फाटून लोंबतेय, आतलं मांस दिसतंय, रक्त आता थांबल्यासारखं वाटतंय. उभी राहते पण डोळे मिटते, मान आत ओढून बसते, पाणी प्यायली नाही. शेजारच्या काकी म्हणतात हळद-चुना भर, नवरा म्हणतो हिचं काही खरं नाही, कापून टाकू. आता संध्याकाळ झाली, बोरिवलीला न्यायचं तर फेरी पकडा नाहीतर उत्तन-भाईंदरवरून वळसा, आणि एवढं करून रात्री कोंबडी बघणारा डॉक्टर मिळायला पाहिजे. उद्या सकाळपर्यंत घरात काय करू? वाडीतली निम्मी पिलं हिच्याच पंखाखाली वाढलीत, मला ती हवीय.

मरोळ_गावठाण:
ताई कापू नका, थांबा जरा. पायावर उभी आहे म्हणजे कणा शाबूत आहे, ही पहिली चांगली गोष्ट. पाठीची एवढी कातडी गेलेल्या कोंबड्या बऱ्या होतात, आमच्याकडे झाल्यात, बघून विश्वास बसत नाही इतकं नवं मांस भरून येतं. पण कुत्र्याने धरलेली कोंबडी पहिल्या रात्री बहुतेक वेळा जखमेने मरत नाही, धक्क्याने आणि थंडीने मरते, म्हणून हळद की चुना हा विषय बाजूला ठेवा आणि आधी तिला ऊब, अंधार आणि शांतता द्या.

पुठ्ठ्याचा खोका घ्या, खाली जुन्या सुती साडीची घडी घाला (भुसा, गवत, लाकडाचा चुरा नको, सगळं जखमेला चिकटतं), खोक्याच्या एका बाजूला बाहेरून बल्ब लावा म्हणजे एक कोपरा उबदार आणि दुसरा गार राहील, तिला हवं तिथे ती सरकेल. कोंबडीचं अंग मुळातच ४१-४२ अंश असतं, आपल्याला मुंबईत उकडतंय म्हणून तिलाही ऊब नको असं समजू नका, रक्त गेलेली आणि भेदरलेली कोंबडी पटकन गार पडते. पायाला हात लावून बघा, गार लागले आणि तुरा फिका पडला असेल तर धुण्याची घाई करू नका, अर्धा-पाऊण तास नुसती उबेत ठेवा. पोरांना, मांजराला, टीव्हीच्या आवाजाला लांब ठेवा. रक्त परत सुरू झालं तर स्वच्छ सुती फडक्याने सलग पाच मिनिटं दाबून धरा, दर दहा सेकंदाला उचलून बघत बसू नका, तेवढ्याने गोठलेलं परत सुटतं.

पाणी पाजायचं ते चोचीच्या कडेला थेंब लावून, ती जीभ हलवून गिळेल तेवढंच. कोमट पाण्यात ओआरएस पातळ करून चालेल, नसेल तर चिमूटभर साखर. चोच उघडून ड्रॉपर आत घालून पिचकारी मारू नका, जिभेच्या मुळाशीच श्वासाचं भोक असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि कुत्र्याच्या तावडीतून वाचलेली कोंबडी आपल्या हातात जाते.

मग ती थोडी सावरली की पुढचं सांगतो. तोवर एक करा, फाटलेली कातडी कापू नका. लोंबतेय तशी राहू दे.

सफेद_कोंबडा:
+१ खोका आणि अंधाराला. आणि जमलं तर कामाला रात्रीच बसा, कोंबडीला अंधारात दिसत नाही, दिवसा जी हाताला लागत नाही ती रात्री मंद उजेडात निमूट बसते. टॉवेलमध्ये गुंडाळायची, डोक्यावर टॉवेलचं टोक टाकायचं, दोघांनी मिळून करायचं. एकाने फक्त धरायचं. पण छातीवरून आवळून धरू नका, हे फार महत्त्वाचं आहे. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत जाते, आपण प्रेमाने घट्ट कवटाळतो आणि तिचा श्वास कोंडतो. पट्टी बांधतानाही तेच, अंगाभोवती आवळून पट्टी बांधायचीच नाही.

खाडीपलीकडची:
उबेत ठेवलीय, बल्ब लावला. पाय गार होते, आता जरा बरे वाटतायत. थेंब थेंब पाणी घेतलं. सासूबाई हळदीची वाटी घेऊन उभ्या आहेत, त्यांना काय सांगू?

मरोळ_गावठाण:
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की हळद वाईट नाहीये, बोटाला चिरलं तर आमच्या घरी पण हळदच. पण ही कुत्र्याच्या दाताची जखम आहे, दाताबरोबर लाळ, माती, पिसाचे तुकडे सगळं आत गेलंय. वर हळदीचा थर बसला की तो कडक होतो, खाली घाण तशीच कोंडून राहते, डॉक्टरला उद्या आतलं काही दिसत नाही आणि टाके घालायचे तर आधी तो थर खरवडावा लागतो, त्यात कोंबडीचे हाल. चुना तर मांस जाळतो, तो कधीच नको. तसंच चहापूड, तंबाखू, राख, रॉकेल, फिनाईल, टर्पेन्टाईन यातलं काहीही नको, कोकणात गुरांच्या जखमेत लोक काय काय भरतात पण कोंबडीची कातडी कागदासारखी पातळ असते. डेटॉल आणि स्पिरिटपण नको. हायड्रोजन पेरॉक्साईडने फेस येतो म्हणून लोकांना साफ झाल्यासारखं वाटतं, पण तो नवं मांसही मारतो, रोज तर अजिबात वापरू नका.

धुवायला मिठाचं पाणी, बस. मेडिकलमध्ये नॉर्मल सलाईनची बाटली मिळते, ०.९ टक्के लिहिलेलं असतं, ती मिळाली तर उत्तम. नाहीतर अर्धा लिटर पाणी चांगलं उकळा, त्यात चहाचा सपाट पाऊण चमचा मीठ टाका आणि कोमट होऊ द्या. मीठ जास्त टाकलं म्हणजे जास्त साफ होतं असं नाही, झोंबतं आणि मांस आक्रसतं. सुई काढलेली २० एमएलची सिरिंज घ्या, पाणी भरा आणि जखमेवर तिरकी धार मारा, कातडीच्या लोंबत्या तुकड्याखालूनही धार जाऊ द्या, पुन्हा भरा पुन्हा मारा, खाली वाटी धरा आणि वाटीत पडणारं पाणी बघा, आधी त्यात माती येईल, केसासारखे पिसांचे तंतू येतील, काळपट रक्ताच्या गुठळ्या येतील, आणि मग एका वेळेला पाणी स्वच्छ पडायला लागेल. तोपर्यंत धुवायचं. चोळायचं नाही, कापसाने पुसायचं नाही कारण कापसाचे धागे आत राहतात. चिकटलेलं पीस असेल तर चिमट्याने पाण्याखाली सोडवा.

जखमेच्या कडेची पिसं कात्रीने मुळापासून थोडी वर कापा, बोटभर पट्टा मोकळा करा म्हणजे पिसं आत जाणार नाहीत. उपटू नका. निरोगी दिवसात उपटलेलं पीस लगेच परत यायला लागतं आणि कापलेलं पुढच्या पीसगळीपर्यंत तसंच राहतं हे खरं आहे, पण आज तिची कातडी आधीच फाटलीय, एक पीस उपटायला जाल आणि कातडी आणखी चार बोटं फाटेल.

धुऊन झालं की बीटाडीनचं द्रावण दहापट पाण्यात मिसळा, फिक्या चहाच्या रंगाचं झालं पाहिजे, ते ओता आणि कातडीचा तुकडा अलगद जागच्या जागी पसरून ठेवा. झालं. आज रात्री एवढंच.

पशुवैद्य_उपनगर:
मी पशुवैद्यक आहे, बहुतेक कुत्री-मांजरं बघते पण गावठाणांतून कोंबड्याही येतात. मरोळ_गावठाण यांनी जे लिहिलंय त्याच्याशी सहमत, दोन-तीन गोष्टी जोडते कारण त्या चुकल्या तर धुण्यानेच नुकसान होतं.

ताई, मोठी फाटलेली जखम दिसते म्हणून आपलं सगळं लक्ष तिकडे जातं. कुत्रा पकडतो तेव्हा दोन्ही जबडे लागतात, पाठीवर जखम आहे म्हणजे खालच्या बाजूला, मांडीच्या आत, पंखाखाली, पोटाच्या कडेला दाताची भोकं असणारच असं धरून चाला. ती बारीक असतात, पिसांनी झाकलेली, रक्त पण येत नाही. बोटाने पिसं उलट फिरवत, फुंकर मारत सगळं अंग बघा, मान, पंखाची बगल, शेपटीच्या मुळाशी, गुदद्वाराभोवती. अशा खोल भोकात सिरिंजची धार मारू नका. पक्ष्यांच्या अंगात फुप्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, पोटापर्यंत पसरलेल्या, भोक तिथपर्यंत गेलं असेल तर तुमचं मिठाचं पाणी सरळ श्वसनात जाईल. भोकाची फक्त तोंडं पुसा. त्या भागाची कातडी दाबल्यावर खाली कुरकुर वाजल्यासारखं लागलं किंवा कातडी फुग्यासारखी वर आली तर पिशवी फाटून हवा कातडीखाली येतेय, हे मात्र डॉक्टरनेच बघायचं.

दुसरं, गळ्याखाली उजव्या बाजूला अन्नाची पिशवी असते. पाणी पाजल्यावर ते गळ्याच्या जखमेतून बाहेर आलं तर पिशवी फाटलीय, मग तोंडाने काहीही देऊ नका आणि सकाळची वाट पण बघू नका.

तिसरं, वेदनेसाठी घरातली गोळी देऊ नका. डायक्लोफेनॅक हे वेदनेचं औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन आपल्याकडची गिधाडं संपत आली, २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली ती त्यामुळेच. पक्ष्यांची मूत्रपिंडं ही औषधं आपल्यासारखी झेलत नाहीत. आम्ही मेलॉक्सिकॅम देतो पण वजनावर मोजून. जखम बधिर करणारी मलमं, ज्यांच्या नावात शेवटी ‘केन’ येतं, लिग्नोकेन, बेन्झोकेन, ती पण नकोत, एवढ्याशा शरीराला त्यांचा डोस लगेच जास्त होतो.

उद्या सकाळी न्याच. ताजी फाटलेली कातडी काही तासांत टाके घालण्यासारखी असते, उशीर झाला तर आम्ही ती उघडी ठेवूनच भरू देतो, त्यानेही बरी होते, फक्त वेळ जास्त लागतो. निघण्यापूर्वी वजन करा, सामान तोलायचा काटा असतो ना त्याला पिशवी अडकवून चालतं, डोस वजनावरच ठरतो. फोन करून विचारून जा की कोंबडी बघता का, सगळे बघत नाहीत. परळला जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच, पण लक्षात ठेवा रिक्षा माहीम-सायनच्या पुढे जात नाही, तिथून टॅक्सी. खोक्याला भोकं पाडा, खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

जोगेश्वरीचा_बापू:
स्पष्ट बोलतो राग मानू नका. पाचशे रुपयाची कोंबडी, टॅक्सीलाच त्याच्या दुप्पट जाणार. आमच्या आजीने असं काही झालं की संध्याकाळी रस्सा केला असता.

मरोळ_गावठाण:
बापू, राग नाही. गावाकडे कोंबडी हा जित्राबाचा हिशोब असतो आणि तो हिशोब चुकीचा नाहीये, ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने अपराधी वाटून घेऊ नये असंच मी म्हणेन. पण ताईंनी विचारलंय की वाचवायची कशी, आणि ती वाचण्यासारखी आहे. वाचण्यासारखी नसती तर मीच सांगितलं असतं. आतडी बाहेर आली असतील, दोन्ही पाय लुळे पडले असतील आणि बोट चिमटलं तरी ओढून घेत नसेल, तर तिला त्रासातून सोडवणं हीच माया आहे, ते लगेच आणि हाताला सवय असलेल्या माणसाने करावं, रात्रभर तडफडत ठेवू नये. इथे तसं नाही.

आणि एक, कुत्र्याने फाडलेली, औषध टोचलेली कोंबडी खाऊ नका. अँटिबायोटिक चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडीही घरात खायची नाहीत, पोरांना तर नाहीच.

पालघरवाडी:
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, धागा चालू आहे म्हणून विचारते. आमच्याकडे मांजराने कोंबडीच्या खांद्यावर पकडलं, अगदी बारीक दोन भोकं, रक्त टिपूसभर. दुसऱ्या दिवशी खात होती, तिसऱ्या दिवशी सकाळी खुराड्यात मेलेली. विषबाधा झाली असेल का?

पशुवैद्य_उपनगर:
विषबाधा नाही, मांजराचाच दात. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात, कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू त्याच जातकुळीतले. दात सुईसारखा बारीक आणि खोल जातो, वरचं भोक लगेच मिटतं आणि जंतू आत वाढतात, मग ते रक्तात उतरतात. म्हणून कुत्र्याची भली मोठी जखम बघून घाबरणाऱ्यांना मी नेहमी सांगते की मला मांजराच्या दोन टिंबांची जास्त भीती वाटते. मांजराने नुसतं तोंडात धरलं असेल तरी त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे, आणि ते दुकानदाराच्या सांगण्यावरून नाही. कोणतं आणि किती ते वजन बघून ठरतं, आणि दोन दिवसांत कोंबडी खायला लागली म्हणून मध्येच बंद करायचं नाही.

कोंबडीचा पू पातळ नसतो हे पण ध्यानात ठेवा. तो पनीरच्या तुकड्यासारखा घट्ट होतो, त्यामुळे गळू आपोआप फुटून वाहून जाईल याची वाट बघत बसाल तर तो तिथेच राहील. कडक गाठ लागली की आम्हाला चिरूनच काढावी लागते.

खाडीपलीकडची:
नेऊन आणली सगळ्यांच्या कृपेने. पहिल्या ठिकाणी कोंबडी बघत नाही म्हणून सांगितलं, दुसरीकडे घेतलं. मांडीच्या आत दोन भोकं निघाली खरंच, मला दिसलीच नव्हती. वरची कातडी पुढच्या बाजूने टाके घालून बसवली, शेपटीकडचा भाग उघडा ठेवलाय, रोज धुवायला सांगितलंय आणि इंजेक्शनं चालू आहेत. पण आज तिच्या मांडीवर आणि पोटाच्या कडेला मोठा हिरवा डाग आलाय, गडद हिरवा. कुजायला लागलं का हो? झोप लागत नाहीये.

सफेद_कोंबडा:
वास येतोय का? घाण वास नसेल तर घाबरू नका. हा मुका मार आहे. आपला मुका मार निळा-काळा होऊन मग पिवळा पडतो, कोंबडीचा सरळ हिरवा होतो, तिच्या शरीरात रक्ताचं रंगद्रव्य हिरव्यावरच येऊन थांबतं, पुढे त्याचं पिवळं करणारं विकर (एन्झाईम) तिच्याकडे नाही. एक-दोन दिवसात हिरवं दिसायला लागतं आणि हळूहळू विरतं. कित्येकांनी हे बघून सडलं समजून बरी होणारी कोंबडी मारून टाकलीय. कातडी काळी, कोरडी चामड्यासारखी झाली किंवा ओली आणि वास मारणारी झाली तर ती मेलेली, ती डॉक्टर कापून काढतील. रंगापेक्षा नाकावर विश्वास ठेवा, रोज धुताना वास घ्यायचाच.

मरोळ_गावठाण:
बरोबर. आणि ताई आता तुमची खरी लढाई माशांशी आहे. पावसाळी हवा, खाडीकाठ, सुक्या मासळीच्या वाळवणीच्या माशा, जखमेवर एक हिरवी माशी बसली की अंडी घालते, ती पांढरट तांदळाच्या कणीसारखी पिसांच्या मुळाशी चिकटलेली दिसतात, आणि आपल्या उकाड्यात दिवसाच्या आत त्यातून किडे निघतात. किडे आधी जखमेत दिसत नाहीत, कडेच्या कातडीखाली आणि गुदद्वाराच्या घाणेरड्या पिसांत असतात, म्हणून दिवसातून दोनदा पिसं उलटून बघा. कोंबडीला मच्छरदाणीत ठेवा, अंथरलेली साडी रोज बदला, विष्ठेने भिजलेली मागची पिसं कोमट पाण्याने धुऊन कोरडी करा.

किडे पडलेच तर सलाईनची धार मारत चिमट्याने एकूण एक काढा, परत दोन-तीन तासांनी बघा कारण लपलेले वर येतात. गुरांच्या किड्यांवर मारायचे स्प्रे जनावरांच्या दुकानात मिळतात, त्यातला कुठला कोंबडीला चालतो हे डॉक्टरला विचारल्याशिवाय मारू नका, काहींत टर्पेन्टाईन असतं. नाकाडोळ्याजवळ तर कुठलाच नाही. डांबराच्या गोळ्या कुटून भरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

मलम लावायचं तर अगदी पातळ, तेलकट थर पिसांना लागला की पिसं चिकटतात आणि ती अंग गरम ठेवू शकत नाही. मधाचा पातळ हात काही जण लावतात, जखम ओलसर राहते आणि चांगली भरते, पण आपल्याकडे अर्ध्या तासात मुंग्या येतात, खोका स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्यात ठेवायची सोय असेल तरच.

तिला खायला भिजवलेला मऊ भात, उकडलेलं अंडं कुस्करून, थोडी सुकट मीठ धुऊन. मांस भरायला प्रथिनं लागतात. अंडी घालायची थांबेल, ते साहजिक आहे.

कांजूरचा_नाना:
सगळे कोंबडीचं बोलताय, माणसाचं कुणी विचारलं नाही. ताई, सासऱ्यांनी कुत्र्याच्या तोंडातून सोडवली ना, त्यांना कुठे ओरखडा, दात लागलाय का? कोंबडी सोडवताना हातावर नखं लागतात आणि गडबडीत कळत नाही.

पशुवैद्य_उपनगर:
नाना, हे आधीच विचारायला हवं होतं, धन्यवाद. कोंबडीला रेबीज होत नाही म्हटलं तरी चालेल, तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे, तिच्यापासून तुम्हाला धोका नाही. पण कुत्रा, मांजर, मुंगूस यातल्या कुणाचाही दात किंवा नख माणसाला लागलं असेल, कातडी थोडी जरी सोलली असेल, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. पालिकेच्या हॉस्पिटलात मिळते, पैसे लागत नाहीत. त्याच दिवशी ताजी जखम हाताळताना तुमच्या हाताला चिरा असतील तर ग्लोव्हज घाला, कुत्र्याची लाळ पिसांना लागलेली असते. सासऱ्यांना आजच न्या जर काही शंका असेल, उद्यावर टाकू नका.

खाडीपलीकडची:
त्यांच्या मनगटावर ओरखडा होता, ते काठीचा म्हणत होते पण आम्ही नेलं, पहिली सुई झाली. नाना, खरंच आभार.

कोंबडी आता खातेय, आरडाओरडा करतेय, तिला बाकीच्यांत जायचंय. सोडू का?

सफेद_कोंबडा:
लाल मांस दिसतंय तोपर्यंत अजिबात नाही. कोंबड्या लाल रंग बघून टोचतात, एकीने टोचलं की सगळ्या तुटून पडतात, कुत्र्याने सोडलेली पाठ स्वतःच्याच घरच्या कोंबड्या उघडी करतात. पण पूर्ण लांबही ठेवू नका, फार दिवस दिसली नाही की तिची जागा जाते आणि परत आल्यावर परक्यासारखी मार खाते. वाडीतच जाळीच्या पिंजऱ्यात किंवा डालग्याखाली ठेवा, वरून मच्छरदाणी, म्हणजे एकमेकींना दिसतील पण चोच लागणार नाही. तळहाताएवढी जखम बंद व्हायला चार-सहा आठवडे धरा. वर खपली आली की ती ओढायची नाही, खाली कातडी कडेने आत सरकत येते, खपली लहान लहान होत स्वतः सुटते. नवी पिसं उगवायला लागली की संध्याकाळी अंधार पडल्यावर सरळ खुराड्यात बाकीच्यांशेजारी बसवा, सकाळी सगळ्या बरोबरच उठतात. आणि कोंबडा काही दिवस वेगळा, तो पाठीवर चढला की नवी कातडी नखाने परत फाटते.

आरे_पाड्यावरून:
आमच्याकडे कुत्रं, मुंगूस, उदमांजर, घार आणि बिबट्या सगळेच येतात, नॅशनल पार्क मागेच आहे. कोण आलं होतं ते कळलं तर जखम कुठे शोधायची तेही कळतं. कुत्रं हलवून हलवून मारतं, खात नाही, एका वेळी पाच-सहा मेलेल्या पडतात, जखमा पाठीला आणि मांडीला. मुंगूस दिवसाढवळ्या येतं, मान आणि डोक्याच्या मागे चावतं, तिथली पिसं बघा. घारीची नखं पाठीत दोन बाजूंनी घुसतात, पिलू असेल तर उचलूनच नेते. घुशी रात्री फटीतून पाय ओढतात, सकाळी बोटं कुरतडलेली दिसतात. बिबट्या जखमी काही मागे ठेवत नाही, त्याच्या वावराला वनखात्याला १९२६ वर फोन.

राग येतो हे कळतं पण विष ठेवू नका कुणीही. मुंगूस, उदमांजर, घार हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आहेत आणि भटक्या कुत्र्याला विष घालणं हाही गुन्हा आहे. शिवाय ते विष तुमचीच कोंबडी टोचते.

खाडीपलीकडची:
विष नाहीच ठेवणार, माझ्याच्याने होणारही नाही. कुंपणाला आत्ता षटकोनी चिकन जाळी आहे, त्याच कोपऱ्यातून घुसली. काय लावू? आणि रात्रीचं खुराडं लाकडी फळ्यांचं आहे, फटी आहेत.

आरे_पाड्यावरून:
षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर नाही, दाताने आणि पंजाने फाटते. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारा वेल्डिंगने जोडलेली चौकोनी जाळी) घ्या, जाड तारेची. खुराड्याला तर तीच, फळीच्या फटीवर आतून नाही, बाहेरून ठोका, स्टेपलवर भरवसा ठेवू नका, स्क्रू आणि वायसर लावा. कुंपणाला खालून फूटभर जमिनीत पुरा, तुमच्याकडे रेताड जमीन असेल तर पुरून उपयोग कमी, उकरून निघते, त्यापेक्षा जाळीचा दीड फूट भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरा आणि वर दगड टाका, कुत्रं कुंपणाच्या बुडाशीच उकरतं आणि तिथे त्याच्या पायाखाली जाळी येते. खाऱ्या वाऱ्यात साधी तार दोन पावसाळ्यात गंजते, गॅल्व्हनाईज्ड मागा आणि दर मे महिन्यात हाताने ओढून बघा. दाराला नुसती कडी नको, कडी आणि वर आकडा, उदमांजराच्या पंजाने साधी कडी सरकते.

कोपऱ्याचं माप आणि खुराड्याची लांबी-रुंदी इथे टाका, किती मीटर लागेल ते काढून सांगतो. माझ्याकडे तार कापायची जाड कात्री आहे, गोराईच्या जेट्टीपर्यंत आणून देऊ शकतो.